रिकाम्या पुड्याचा हिशेब

२०१८ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी लागू झाली, तेव्हा किराणा दुकानदारांनी एक बिनतोड सवाल केला. मोठ्या कंपनीने कारखान्यात प्लास्टिकच्या पुड्यात भरलेली तूरडाळ विकली तर चालते. मग गोणीतली तीच डाळ आम्ही मोजून पिशवीत बांधली, तर पाच हजारांचा दंड का? याला पटण्यासारखं उत्तर सरकारकडे नव्हतं. २३ जूनला सुरू झालेली अंमलबजावणी आठवडाभरातच सैल झाली आणि ५० मायक्रॉनहून जाड वेष्टनात किराणा बांधून द्यायला मुभा मिळाली.

दुकानदारांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. भाजीची पातळ पिशवी नजरेत भरते, नाल्यात अडकते, म्हणून बंदीचा पहिला बडगा तिच्यावर पडतो. पण देशात वर्षाला जो सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा तयार होतो, त्यातला मोठा वाटा कारखान्यातच मालाला चिकटून आलेल्या वेष्टनांचा असतो. बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी, दुधाची पिशवी, तेलाचा पाउच, औषधाची पट्टी, मोबाइलच्या खोक्यातला फोम. ही वेष्टनं गिऱ्हाईक निवडत नाही, व्यवसाय निवडतात. म्हणून पर्यावरणपूरक पॅकिंगचा आढावा घ्यायचा तर तो व्यवसायांच्या बाजूने घ्यायला हवा: बदल कुठे झाला, कुठे अर्ध्यावर राहिला, कुठे झालाच नाही, आणि प्रत्येक ठिकाणी कारण काय?

गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रिकाम्या वेष्टनाला जिथे कुणी धनी आहे, म्हणजे भंगारात त्याला भाव आहे, त्यावर अनामत आहे किंवा कायदा त्याचा हिशेब मागतो, तिथे बदल टिकला. जिथे नुसता पदार्थ बदलला आणि रिकामं वेष्टन पूर्वीसारखंच बेवारस राहिलं, तिथे बहुतेक वेळा एका कचऱ्याची जागा दुसऱ्या कचऱ्याने घेतली.

पुडा काय काम करतो

व्यवसाय बदलायला का कचरतात हे कळण्यासाठी चिवड्याच्या पुड्याकडे पाहावं. तळलेल्या पदार्थाचे शत्रू तीन: हवेतल्या ऑक्सिजनने तो खवट होतो, दमट हवेने सादळतो आणि उजेडाने तेल लवकर बिघडतं. या तिघांना अडवण्यासाठी पुड्याची फिल्म थराथरांनी बनते. बाहेर छपाईला योग्य असा पॉलिएस्टरचा थर, त्याला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आणि आत उष्णतेने चिकटणारं पॉलिथिन. काही मालात हवेऐवजी नायट्रोजन भरतात. काही ग्रॅमच्या या वेष्टनामुळे पुण्यात तळलेला चिवडा काही महिन्यांनी नागपुरात किंवा दुबईत कुरकुरीत निघतो. साध्या कागदाच्या पिशवीत तो फार तर काही दिवस टिकेल. आणि माल खराब होऊन फेकावा लागला, तर त्यामागचं तेल, बेसन, पाणी आणि इंधन सगळंच वाया जातं. हे नुकसान पर्यावरणाच्याच खात्यावर पडतं.

दुसरी अडचण यंत्राची. पुडे भरणारं यंत्र एका विशिष्ट फिल्मवर बसवलेलं असतं. फिल्म बदलली की चिकटवण्याचं तापमान, यंत्राचा वेग, फुटक्या पुड्यांचं प्रमाण, सगळं बदलतं. छापील फिल्म मागवायची तर छपाईचे सिलिंडर करावे लागतात आणि पुरवठादाराची किमान ऑर्डर असते. मोठी कंपनी नव्या फिल्मची चाचणी वर्षभर करू शकते. घरगुती मसाले विकणाऱ्या बचत गटाला बाजारात तयार मिळेल तोच पाउच घ्यावा लागतो. ‘लहान उद्योजकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नसतो.

जिथे बदल रुजला

सर्वात यशस्वी पर्यावरणपूरक पॅकिंग कोणतं, असं विचारलं तर उत्तर अगदी साधं निघतं: पुठ्ठ्याचं खोकं. भारतात खोक्यांसाठी लागणारा क्राफ्ट कागद बहुतांशी रद्दीतूनच बनतो. दुकानामागे पडलेलं खोकं संध्याकाळपर्यंत कुणीतरी उचलून नेतं, कारण रद्दीवाल्याकडे त्याला भाव आहे. कोकणातल्या हापूसची लाकडी पेटी मागे पडून पुठ्ठ्याचे खोके आले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. लाकूड महाग झालं, खोकं हलकं पडलं, घडी करून आणता आलं, वर बागेचं नाव छापता आलं. हेतू काहीही असो, ज्याचं रिकामं रूप विकलं जातं असं वेष्टन आपोआप रुजलं.

ऑनलाइन व्यापारातही असंच झालं. ॲमेझॉनने २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपापल्या गोदामांतून जाणाऱ्या पार्सलांतलं एकदाच वापरायचं प्लास्टिक हटवल्याचं जाहीर केलं. फुगेवाल्या प्लास्टिकऐवजी चुरगळलेला कागद, प्लास्टिकच्या टेपऐवजी कागदी टेप. इथे बदल तुलनेने सोपा होता. पार्सलचं बाहेरचं वेष्टन माल टिकवत नाही, फक्त धक्के सोसतं, आणि तेवढं काम कागद करू शकतो. आतल्या वस्तूला कारखान्यातच चिकटलेलं प्लास्टिक मात्र जागच्या जागी राहिलं.

पर्याय आले, पण अर्धेच

हॉटेलं, मिठाईची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या यांच्यावर कायद्याचा सर्वाधिक दाब आला. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म अशा वस्तूंवर बंदी आली. त्यांच्या जागी आलेले पर्याय तपासून पाहण्यासारखे आहेत.

कागदी कप हा त्यातला सर्वात फसवा. कागदात गरम चहा थांबत नाही, म्हणून आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटं राहिला, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटल्यामुळे हा कप रद्दीवाला घेत नाही आणि प्लास्टिकवालाही घेत नाही. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटा आणि कपांवरही बंदी घातली ती यामुळेच. पण टपरीवर कपाची परीक्षा कोण घेणार?

उसाच्या चिपाडापासून बनवलेल्या प्लेटा आणि डबे यांचं गणित अधिक भक्कम आहे. अयोध्येची पक्का ही कंपनी ‘चक’ या नावाने अशी भांडी बनवते. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला कच्च्या मालाची वाण नाही, मात्र साखर कारखान्यांना तेच चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करायला लागतं, त्यामुळे ते फुकट मिळत नाही. शिवाय अशा भांड्यांत आमटी झिरपू नये म्हणून अनेक उत्पादक पीएफएएस गटातली रसायनं वापरत आले, जी निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वेष्टनांत त्यांच्यावर १२ ऑगस्ट २०२६ पासून कडक मर्यादा घातली आहे.

सुपारीच्या झावळीपासून दाबून केलेल्या ताटल्यांचा अनुभवही सावध करणारा आहे. पूर्णपणे नैसर्गिक, रसायन नाही, म्हणून त्यांची निर्यात वाढत होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या ताटल्यांतून सुपारीतली अल्कलॉइड द्रव्यं अन्नात उतरू शकतात, असं सांगून त्यांच्यावर हरकत घेतली आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या उत्पादकांना मोठा फटका बसला. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हे प्रत्येक वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं.

राहिलं कंपोस्ट होणारं प्लास्टिक. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस प्रमाणित कंपोस्टेबल वस्तूंना परवानगी दिली. मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, हा यातला मुख्य पदार्थ. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे. साखर उद्योगाला इथेनॉलनंतरची पुढची वाट म्हणून त्याकडे पाहण्यात गैर काही नाही. मात्र असं प्लास्टिक कुजायला सुमारे ५८ अंश तापमान सतत राखणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. उकिरड्यावर किंवा नाल्यात ते जवळपास साध्या प्लास्टिकसारखंच पडून राहतं. दिसायला सारखं असल्याने ते पुनर्चक्रणाच्या ढिगात मिसळलं, तर तो मालही बिघडतो. ज्या गावात ओला-सुका कचराच वेगळा होत नाही, तिथे महाग कंपोस्टेबल पिशवी घेणारा दुकानदार दंडापासून सुटतो, जमिनीला फायदा होतोच असं नाही.

जिथे गाडी हललीच नाही

१९८० च्या दशकात शाम्पूच्या पुडीने खेड्यापाड्यातली बाजारपेठ उघडली. जिला पूर्ण बाटली परवडत नव्हती, तिला एका रुपयात शाम्पू मिळाला. मग चहा, गुटखा, केचप, तेल सगळंच पुड्यांत आलं. ही पुडी अनेक थरांची असते. थर वेगळे करणं खर्चाचं, पुडी वजनाला नगण्य आणि भंगारात किंमत शून्य. कचरावेचक दिवसभर वाकून दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठा गोळा करते. शाम्पूची पुडी तिथेच सोडते, कारण तिच्या पोत्यातली जागा मोलाची असते.

पुण्यात याला एक वेगळं उत्तर शोधलं गेलं. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेसोबत आयटीसी कंपनीने २०१८ मध्ये अशी बहुथरी वेष्टनं वेगळी गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. ज्या मालाला बाजारात भाव नाही, त्याचं गोळा करण्याचं मोल कंपनीने द्यायचं, हे यातलं तत्त्व. दुसरा मार्ग वेष्टनच सुधारण्याचा: वेगवेगळ्या पदार्थांचे थर टाळून सगळे थर पॉलिथिनचे किंवा सगळे पॉलिप्रॉपिलिनचे ठेवायचे, म्हणजे ते वितळवून पुन्हा वापरता येतात. तिसरा मार्ग रिकामी बाटली आणून भरून घेण्याचा. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२१ मध्ये मुंबईतल्या एका मॉलमध्ये धुण्या-घासण्याच्या द्रवांसाठी असं यंत्र बसवून पाहिलं. मॉलमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे जमेल, रोजंदारीवर पुडी विकत घेणारीला कितपत, हा प्रश्न उरतोच.

कायद्याचा हिशेब

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने विस्तारित उत्पादक जबाबदारीची नियमावली आणली, तेव्हा पहिल्यांदा कंपन्यांना रिकाम्या वेष्टनाचा लेखी हिशेब देणं भाग पडलं. जितकं प्लास्टिक वेष्टन बाजारात आणलं, तितकं गोळा करून त्याची विल्हेवाट लावल्याचं दाखवायचं. लक्ष्य २०२१-२२ मध्ये २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. शिवाय २०२५-२६ पासून कडक वेष्टनांत किमान ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक आणि ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर नेणं. लवचीक वेष्टनांना १० टक्क्यांपासून, बहुथरींना ५ टक्क्यांपासून सुरुवात.

या नियमाने बोर्डरूममधला सूर बदलला, हे खरं. पॅकिंगची निवड आता फक्त खरेदी विभागाचा विषय राहिलेली नाही. पण हिशेब प्रमाणपत्रांवर चालतो आणि प्रमाणपत्रं पुनर्चक्रण करणारे कारखाने देतात. प्रत्यक्षात न केलेल्या पुनर्चक्रणाची लाखो प्रमाणपत्रं तयार झाल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत उघड झालं. कागदावर शंभर टक्के आणि नाल्यात पूर्वीइतकंच, अशी अवस्था येऊ द्यायची नसेल, तर तपासणीवर खर्च करावाच लागेल. सूक्ष्म आणि लघु ब्रँडना या जबाबदारीतून सूट आहे. ती योग्यच म्हणावी लागेल, कारण त्यांना पर्याय पुरवणारी साखळी अजून तयार व्हायची आहे.

नुसत्या सक्तीने काय होतं, याचा एक जुना दाखलाही आहे. १९८७ च्या कायद्याने ठरावीक माल तागाच्या गोण्यांत भरणं सक्तीचं आहे: सध्याच्या निकषानुसार धान्य शंभर टक्के आणि साखर २० टक्के. हेतू तागाचे शेतकरी आणि गिरणी कामगार वाचवण्याचा होता, पण फळ म्हणून कुजणारी, पुन्हा वापरता येणारी गोणी टिकली. धान्याच्या बाबतीत हा कायदा बराचसा पाळला गेला, कारण खरेदीदार सरकारच आहे आणि गोणीचे पैसे तेच भरतं. साखर कारखाने मात्र वर्षानुवर्षं कुरकुरत आले: प्लास्टिकचं पोतं स्वस्त, तागाचं महाग, त्यात तागावर प्रक्रियेसाठी लावलेल्या तेलाचा वास साखरेला लागतो ही तक्रार. खर्च कोण उचलणार हे ठरलेलं असेल तर सक्ती चालते, नाहीतर ती दरवर्षी सवलत मागत बसते.

परदेशी गिऱ्हाइकाचा रेटा

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला पॅकिंगचे नियम मुंबईपेक्षा ब्रसेल्सहून लवकर कळतात. युरोपला जाणारी द्राक्षं बहुधा अर्ध्या किलोच्या पारदर्शक प्लास्टिक पनेटमध्ये, म्हणजे लहान डब्यांत, भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात रचली जातात. युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमांनुसार २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ताज्या फळांना आणि भाज्यांना एकदाच वापरायचं प्लास्टिक वेष्टन चालणार नाही. फळ सुकण्याचा किंवा दबण्याचा धोका दाखवला तर सदस्य देश सूट देऊ शकतात. पुठ्ठ्याचे पनेट तयार होऊ लागले आहेत, पण शीतगृहातल्या दमट हवेत महिनाभर प्रवास केल्यावर पुठ्ठा ताठ राहायला हवा आणि गिऱ्हाइकाला मणी दिसायलाही हवेत. ही कसोटी पार करण्याचं काम पॅकहाउसवाले करतील, कारण न केल्यास बाजारच जातो. देशी कायद्याला न जमलेली धार या नियमाला आहे: माल बंदरावर अडतो आणि तिथे तडजोड नसते.

परत येणारं भांडं

पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वात चांगलं वेष्टन तेच, जे धुऊन पुन्हा भरता येतं. ही कल्पना आपल्याला नवी नाही. गॅसचा सिलिंडर, पाण्याचा वीस लिटरचा जार, थंड पेयाच्या काचेच्या बाटल्यांचा क्रेट, मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा; या सगळ्या व्यवस्थांत रिकामं भांडं परत जाण्याची वाट आधीच बांधलेली आहे. एकाच गाडीने, एकाच माणसाने माल पोचवायचा आणि रिकामं उचलायचं, म्हणून खर्च झेपतो.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये नेमकी हीच व्यवस्था नियमात लिहिली होती: दुधाच्या पिशवीला किमान ५० पैसे, पाण्याच्या बाटलीला एक-दोन रुपये परतावा. राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लास्टिक, असा अंदाज तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात दिला होता. परतावा मात्र रुजला नाही. पहाटे दूध टाकणाऱ्या पोऱ्याने पिशव्या मोजायच्या, पैसे द्यायचे आणि डेअरीकडून वसूल करायचे, या कामाचा मोबदला कुणीच ठरवला नव्हता. ५० पैशांसाठी पिशवी धुऊन ठेवण्याइतकी निकड गिऱ्हाइकालाही वाटली नाही.

तमिळनाडूच्या नीलगिरीत उलट चित्र दिसलं. जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर वन्यप्राणी जखमी होतात, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत देणं सुरू झालं. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत आल्या. रक्कम खिशाला जाणवण्याइतकी होती, विक्रेता एकच होता आणि परत घेण्याची जागाही तीच होती. गोव्याने २०२४ मध्ये प्लास्टिक, काच, धातू अशा वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. तिथे विक्रेते असंख्य आहेत आणि व्यापाऱ्यांचा विरोधही तीव्र आहे, त्यामुळे नीलगिरीचं यश तिथे आपोआप उतरणार नाही.

मोजमाप आणि दावे

कोणतं वेष्टन चांगलं, हे ठरवताना नजर फसवते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार केवळ हवामानबदलाचा विचार केला, तर साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली तरच ती प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी, खतं, ओझोन असे सगळे निकष धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. या अभ्यासात समुद्रात, नाल्यात किंवा गाईच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब नाही, म्हणून तो प्लास्टिकच्या बाजूचा निकाल मानणं चुकीचं ठरेल. पण प्रत्येक परिषदेत छापील सुती पिशवी वाटणाऱ्या कंपन्यांनी तो वाचावा. पिशवीचं पुण्य तिच्या कापडात नसतं, ती कितव्यांदा बाजारात गेली यात असतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे मोघम शब्द आता पुराव्याविना छापता येत नाहीत. पॅकेटवर हिरवं पान छापणं हे आजवरचं सर्वात स्वस्त पर्यावरणपूरक पॅकिंग होतं. ते महाग होणं चांगलंच.

पुढे काय

या सगळ्याचा जमाखर्च मांडला तर व्यवसायांना तीन गटांत पाहावं लागतं. वाहतुकीच्या वेष्टनांत, म्हणजे खोकी, भरण, टेप यांत, बदल जवळपास आपल्या आवाक्यात आहे. तिथे सबब उरलेली नाही. हॉटेल आणि खाद्यविक्रीत पदार्थ बदलण्यापेक्षा भांडं परत आणण्यावर भर द्यायला हवा, कारण तिथला प्रत्येक एकदाच वापरायचा पर्याय कुठे ना कुठे अडखळतो. आणि बहुथरी पुड्यांत गोळा करण्याचा खर्च कंपनीने थेट कचरावेचकापर्यंत पोचवल्याशिवाय मार्ग नाही, निदान एकाच पदार्थाची फिल्म सर्वत्र येईपर्यंत तरी.

आजवर पॅकिंगचा खरा खर्च महापालिकेने झाडूवर, शेतकऱ्याने नापीक झालेल्या बांधावर आणि कचरावेचक बाईने आपल्या पाठीवर भरला. वेष्टन निवडणाऱ्याच्या ताळेबंदात तो खर्च आला, की स्वस्त आणि महाग यांची व्याख्याच बदलते. तेव्हा खरेदी विभागातला तोच हिशेबी माणूस, जो आज कंपोस्टेबल पिशवीची किंमत पाहून नाक मुरडतो, स्वतःहून विचारू लागेल: हा थर खरंच लागतो का, हे खोकं एवढं मोठं कशाला, आणि ही बाटली परत का येत नाही? धोरणाने एवढंच साधायचं आहे, की हे प्रश्न विचारण्यात त्याच्या कंपनीचा फायदा असावा.